राखीच्या वहीतलं झाड

कोकिळा चहा ओतताना कपात बोट धरायची. दारातून जाताना चौकटीला हात लावायची. हाक आली की नुसती मान नाही, अख्खी वळायची. दिवेलागणीच्या आत खोलीवर परतायची. वाटेत काही पडलं की आधी पायानं चाचपायची.

तिच्याबरोबर खोलीत राहणारी प्रतिमा हे दोन वर्षं पाहत होती. एकेकाच्या सवयी असतात, एवढंच तिला वाटलं.

कोकिळा संग्रामपूरकडची. देऊळगाव राजात कापडावरच्या नक्षीचा डिप्लोमा करायला आलेली. वर्गात एक रीत होती. वहीच्या उजव्या पानावर आपण स्वतः बघून काढलेलं चित्र. डाव्या पानावर मैत्रिणीच्या वहीतून घेतलेलं, खाली तिचं नाव. यंदा कोकिळाची उजवी पानं कोरी राहू लागली. डावी भरत गेली.

"काय वं, माझी वही नेऊन लोणचं घालतीस का?" वर्गातली राखी म्हणायची.

"तुहं नाव तं लिहिलं नं खाली!"

शेवटच्या कामाला मात्र मॅडमनी वह्यांची देवाणघेवाण बंद केली. साडीच्या पदरासाठी अंगणातला कडुनिंब समोर बसून काढायचा. नाही जमला, तर वर्ष गेलं.

कडुनिंबासमोर कागद घेऊन बसलेल्या कोकिळासाठी प्रतिमा पाणी घेऊन गेली. कोकिळाच्या कानाशी तिने ग्लास धरला. कोकिळा समोरच बघत राहिली. प्रतिमाने दुसरा हात हलवला.

"माझा हात दिसतो?"

"कोणता हात?"

प्रतिमाने ग्लास खाली ठेवला.

"अकरावीपासून दिसणं कडेकडेनं मिटून राह्यलं," कोकिळा म्हणाली. "समोरचं झाड मले अख्खं दिसत नाही. राखीच्या वहीत दिसते. लहान असते नं, डोळ्यात मावते. घरी सांगू नको. एवढा पदर होऊ दे."

प्रतिमाने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना कोकिळा टेम्पोसमोर गेली. थोडक्यात वाचली. त्याच दुपारी प्रतिमाने तिच्या आईला, केसरबाईंना, फोन लावला.

सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "तिच्या मामाचं असंच सुरू झालं होतं, बाई. आता तो काठीनं चालते."

दुसऱ्या दिवशी केसरबाई आल्या आणि लेकीला जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. निघताना कोकिळा प्रतिमाशी बोलली नाही.

पदराचा कागद खोलीतल्या टेबलावर तसाच होता. खोड पुरं झालं होतं. त्यातून निघालेली एक फांदी मध्येच थांबली होती. पानांसाठी कालवलेला हिरवा रंग वाटीत सुकत चालला होता.