हवेवरच्या गाडीची पाठराखीण

आधीच सांगते, माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नये. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं आईने घरी पाटीवर गिरवून घेतली, पोथी वाचायला घरात कुणी तरी हवं म्हणून. ऱ्हस्व कुठलं आणि दीर्घ कुठलं, हे मला अजून धड कळत नाही. हाताला सवय शिलाई मशीनची. पेन धरलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. हे कुणी वाचायचं नाही, तरी माफी मागून ठेवते.

आम्ही म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यात राहतो. पूर्वी घराण्यात कापड रंगवायचं, छापायचं काम होतं. आता ते कुणाला येत नाही. माझे यजमान गाड्यांच्या सीटा शिवतात. कापायचं काम त्यांचं, शिवायचं बरंचसं माझं. धाकट्या दिरांची गावाच्या कडेला हिनकलला शेड आहे. ते लोकांना गाड्या हव्या तशा बदलून देतात. कुणाला जुनी व्हॅन आतून घरासारखी हवी असते, कुणाला गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसायला हवी असते. त्यासाठी भावजी स्प्रिंगा काढतात आणि तिथे रबराचे जाड फुगे बसवतात. बटण दाबलं की फुग्यांत हवा भरते आणि गाडी उठते. सोडली की माहुताने सांगितल्यावर हत्ती बसतो तशी बसते. लोक याला एवढे पैसे का देतात ते मला कळत नाही, पण देतात.

अशी पहिली गाडी भावजींनी सोलापूरच्या एका गिऱ्हाइकासाठी केली. फुगे आणि हवेचा पंप आणायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. यजमान मला म्हणाले, "तुझ्या संघातून घे. धाकटा फेडेल." आमच्या गल्लीतल्या बायकांचा बचत संघ आहे. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, असा नियम. मी माझ्या नावावर साठ हजार उचलले आणि भावजींना दिले.

गाडी ट्रकातून सोलापूरला गेली आणि मोडून पोचली. ट्रकवाल्यांनी ती हवा भरलेली, उंच उभी असतानाच चढवली आणि पट्टे तिच्या अंगावरून ताणून बांधले. उभ्या गाडीच्या फुग्यांतून हवा हळूहळू जातेच. गाडी बसत गेली, पट्टे सैल झाले. मग प्रत्येक गतिरोधकाला ती उडायची आणि आपटायची. मडगार्डं चाकांवर बसून फाटली. पोटाखालची एक नळी तुटली. गिऱ्हाइकाने फोटो पाठवले आणि दुरुस्तीचे पैसे कापून घेतले. भावजींच्या हातात मजुरीसुद्धा आली नाही.

त्यानंतर हप्ता मी शिलाईतून भरायची. दोनदा जमलं नाही तेव्हा संघातल्या दोघींनी भरला. मी बैठकीत दाराजवळ बसते आणि बोलत नाही. त्यातली एक सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या दिराच्या गाड्या हवेवर उभ्या राहतात म्हणे. आमचं चुलाणं नाही गं राहत." सगळ्या हसल्या. मीही हसले. तरी पुढच्या बैठकीला गेले. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

मग पुण्याच्या एका गृहस्थांची व्हॅन आली. आत पलंग, कपाट, ओटा, आणि खाली तेच फुगे. अर्धे पैसे आधी मिळाले, ते सामानात गेले. उरलेले अर्धे गाडी धड पोचली तर. त्यातून माझं कर्ज फिटणार होतं. पुन्हा मोडली असती तर कर्ज माझ्याच नावावर राहिलं असतं आणि संघातून मला काढलं असतं. तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं.

गाडी तयार झाली तेव्हा जेवताना बोलणं निघालं.

"या वेळी काही होत नाही," भावजी म्हणाले. "ट्रकवाल्याला सगळं समजावून सांगतो."

"मागच्या खेपेला पण सांगितलंच होतंस," सासूबाई म्हणाल्या.

"तो हुबळीपर्यंतच होता, आई. हुबळीला ट्रक बदलतो. दुसऱ्याला कोण सांगणार?"

मी भातावर सार वाढत होते. तोंडातून निघून गेलं, "मग पाठराखीण पाठवा तिच्याबरोबर."

भावजींना ठसका लागला. "गाडीला पाठराखीण! वहिनी, खण-नारळ पण ठेवू का बॉनेटवर?"

"दात काढू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "नव्या नवरीला एकटी धाडतो का आपण? तिला काय हवं-नको ते सासरच्यांना सांगायला घरचं माणूस लागतं. तू जा तिच्याबरोबर."

"मी एकटा कुठं कुठं बघू? कागदं करायची, जेवायचं, आंघोळीला जायचं. तेवढ्यात कुणी हात लावला तर?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही चला. पडदे आणि गाद्या तिथं जाऊन तुम्हालाच लावायच्यात."

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. "मला परक्यांशी बोलता येत नाही."

"बोलायचं कुठं आहे? सुम्ने बसायचं." सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. कन्नड शब्द आहे, आमच्या घरी दिवसभर तोंडात असतो. यजमान ताटातून मान वर न करता म्हणाले, "जा. दुकान मी बघतो." ठरलं.

हिनकलच्या गल्लीत मोठा ट्रक वळत नाही, म्हणून गाडी येलवालच्या पुढे एका मोकळ्या जागेत चढवली. ड्रायव्हर मंड्याकडचा होता, वयस्कर. ट्रकावर गाडी चढवायचा लोखंडी उतार आखूड आणि उभा होता. भावजींनी त्याच्या पुढे लांब फळ्या जोडून तो लांबवला, म्हणजे गाडीचं पोट घासणार नाही. पूर्ण हवा भरून गाडी उचलली आणि माणूस चालतो त्याहून हळू वर नेली. वर गेल्यावर ते गाडीखाली शिरले आणि चाकांच्या दांड्या व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये फणसाच्या लाकडाचे ठोकळे घालून बांधून टाकले. मग हवा सोडली. गाडी ठोकळ्यांवर बसली. आता फुग्यात हवा राहिली काय आणि गेली काय, उंची तीच राहणार होती.

पट्टे फक्त चाकांना बांधले. चाकांची चकचकीत कड घासू नये म्हणून मी जुन्या ताडपत्रीला आतून गोधडीचं कापड लावून पट्ट्यांना खोळी शिवल्या होत्या. ड्रायव्हरला ते पटलं नाही.

"अंगावरून एक पट्टा टाका की. असं काय, हात धरून नेल्यासारखं?"

"चाकं जागेवर तर गाडी जागेवर," भावजी म्हणाले. "अंगाला एकही पट्टा नको."

"तुमची गाडी, तुमचं नशीब."

शेवटी बॅटरीची तार काढली, म्हणजे वाटेत कुणी बटण दाबलं तरी काही होणार नाही. चारी बाजूंचे आणि पोटाचे फोटो काढले. गाडीत सुटी वस्तू ठेवायची नव्हती, म्हणून गाद्यांचे गठ्ठे आमच्याबरोबर ट्रकाच्या केबिनमध्ये आले. मी त्यांच्यावर बसले. डोकं छताला लागत होतं. चित्रदुर्गाला ड्रायव्हरने चहा दिला आणि भावजींना विचारलं, "अक्का मुक्या आहेत का?" भावजी म्हणाले, "घरी येऊन ऐका." मी चहा प्याले.

हुबळीला दुपारी पोचलो. ट्रकवाल्यांचं आवार मोठं होतं, सगळीकडे ऑइल सांडलेलं. भावजींनी तार जोडली, गाडी उचलली, ठोकळे काढले आणि ती खाली उतरवून कुंपणाशी उभी केली. ठोकळे, फळ्या आणि खोळी माझ्याजवळ ठेवल्या. दुसरा ट्रक यायला वेळ होता. ते कागदांवर सही करायला ऑफिसकडे गेले. जाताना म्हणाले, "किल्ली गाडीलाच आहे. त्यांचा नियम आहे. पण मी येईपर्यंत कुणाला चढवू देऊ नका."

ते दिसेनासे झाले आणि ट्रक आला. त्यांचाच आखूड उतार खाली सोडला. एक माणूस शिट्टी वाजवत आला, गाडीत बसला आणि इंजिन चालू केलं. गाडीतली हवा एव्हाना थोडी उतरली होती, पोट जमिनीजवळ आलं होतं. तशीच त्या उतारावरून नेली असती तर चढतानाच पोट घासून नळी गेली असती.

मला ओरडायचं होतं. आवाज आला नाही. तो उताराच्या दिशेने गाडी वळवायला लागला, तशी मी गेले आणि उताराच्या मधोमध बसले.

त्याने हॉर्न वाजवला. मग खाली उतरला. हुबळीचं कन्नड म्हैसूरच्या कानाला भांडल्यासारखंच लागतं, आणि हा तर खरंच भांडत होता. यव्वा म्हणजे आई, पण सूर भांडणाचाच.

"यव्वा, ऊठ की! सावली तिकडं आहे."

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरं नाही का वाटत? पाणी पाहिजे?"

मी पुन्हा मान हलवली. तोवर आणखी दोघं-तिघं जमले. एक म्हणाला, "नवऱ्याशी भांडून आली असेल." दुसरा म्हणाला, "मग रेल्वेच्या रुळावर जायचं, इथं काय?" त्यावर पहिल्यानेच त्याला झापलं, "गप रे. तुझ्या आईच्या वयाची आहे." गाडीवाला डोक्याला हात लावून उभा राहिला. "यव्वा, मला दुसऱ्या चार गाड्या भरायच्यात. तू उठतेस, का तुलाही वर भरू?"

मी हाताने लाकडी ठोकळे दाखवले. त्याला वाटलं मी चुलीसाठी लाकूड विकायला आले आहे. "नको आम्हाला जळण!" तो म्हणाला, आणि सगळे हसले. हसणाऱ्यांची मला सवय झालेली होती. बसून राहिले.

भावजी धावत आले तेव्हा माझ्याभोवती गर्दी होती. त्यांना वाटलं मला ट्रकाने उडवलं. मग त्यांनी पाहिलं आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. सगळं समजावलं: आधी उचलायची, फळ्या लावायच्या, वर ठोकळे, मग हवा सोडायची, पट्टे चाकांना. तो ऐकत होता आणि मधून मधून माझ्याकडे बघत होता. "हे तोंडाने सांगता येत नव्हतं का?" तो मला म्हणाला. मी उठले, साडी झटकली. पुढचं काम त्यानेच भावजींबरोबर केलं, आणि नीट केलं. ठोकळे बांधायला गाडीखालीही शिरला.

पुण्याला गाडी उतरवली. ते गृहस्थ चष्मा लावलेले, मऊ बोलणारे होते. त्यांनी टॉर्च घेऊन खाली वाकून सगळं पाहिलं, हाताने चाचपलं, येलवालला काढलेल्या फोटोंशी जुळवलं. एक ओरखडा नव्हता. मी गाद्या घातल्या, पडदे लावले. त्यांच्या आई चहा घेऊन आल्या. आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुमचं मराठी आमच्या आजीसारखं आहे हो. मधेच दुसरंच काही तरी येतं, पण गोड आहे." मी त्यांना पडद्याची दोरी कशी ओढायची ते दाखवलं.

गृहस्थांनी बरेचसे पैसे त्याच दिवशी दिले. थोडे राखून ठेवले, महिनाभर गाडी चालवून फुगे टिकतात का बघतो म्हणाले. भावजी वाद घालणार होते, पण घातला नाही. आम्ही बसने परत आलो. मिळालेल्या पैशांतून आधी संघातल्या त्या दोघींचे, माझ्यासाठी भरलेले हप्ते दिले, मग कर्जातलं बरंचसं फेडलं. जिने टोमणा मारला होता ती नोटा घेताना म्हणाली, "मी आपलं गमतीने बोलले होते गं." मी बरं म्हटलं.

महिन्याने पुण्याहून उरलेले पैसे आले. भावजींनी ते यजमानांकडे न देता माझ्या हातात दिले. पुढच्या बैठकीला मी ते संघात भरले. अध्यक्षबाईंनी मोजले, व्याज धरून पुन्हा मोजले, आणि म्हणाल्या, "तुमचं काही देणं राहिलं नाही."