अळणी पुस्तक

पुस्तक लिहिलं की पुस्तकच तयार होतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पुस्तक एक झालं आणि किस्से पोतंभर! माझं पुस्तक तर एवढंसं, शिवाय कागदाचंही नाही. ते फोनमध्ये मावलं. किस्से मात्र शहापूरपासून धसईपर्यंत सांडलेत. शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर रोज एखादा सांगावा लागतो. म्हटलं, एकदा सगळे ओळीने सांगून टाकावेत.

आधी थोडं पुस्तकाबद्दल. माझी बायको वंदना धसईची. स्वयंपाक करताना ती बोलायची आणि मी ओट्याजवळ स्टुलावर बसून तिचं बोलणं जसंच्या तसं फोनवर टाइप करायचो. शेवळाची भाजी, वालाचं बिरडं, सुकटाची चटणी. तेच ब्लॉगवर टाकायचो. वाचक थोडे होते, पण होते. दोन पावसाळ्यांपूर्वी वंदना गेली आणि ब्लॉग थांबला. मग एका वाचक बाईंनी विचारलं, "पुढची रेसिपी कधी?"

पुढची नव्हतीच. म्हणून होत्या तेवढ्यांचं ई-पुस्तक करायचं ठरवलं.

*

स्टाफरूममध्ये ही बातमी सांगितली तेव्हा गणिताच्या पाटील सरांनी माझी उलटतपासणी घेतली.

"कागद?"

"नाही."

"शाई? बाइंडिंग?"

"नाही."

"वजन?"

"तेही नाही, सर."

सरांनी चहाचा घोट घेतला. विचार केला. "म्हणजे रद्दीत घालता येणार नाही. तुमच्या लेखनाला एवढी खात्रीशीर अमरता दुसऱ्या कशाने मिळाली नसती!"

*

मुखपृष्ठ केलं रेश्माने. ती माझ्या मेव्हण्याची, प्रकाशची मुलगी. आटगावला राहते, ठाण्यात नोकरी करते आणि अशा गोष्टी तिला येतात. तिने इंटरनेटवरून एक सुंदर फोटो घेतला. पांढरीशुभ्र वाटी, त्यात पिवळं वरण, वर कोथिंबिरीचं एकच पान.

प्रकाशने तो फोटो फोनवर जवळ घेऊन, लांब धरून बघितला. "ही वाटी कुणाची?"

"कुणाची म्हणजे? फोटो आहे, बाबा."

"आपल्यात अशी वाटी नाय. नि हे पान बघ, देवाला वायल्यासारखं! तुझ्या आत्यानं कधी असं एक पान ठेवलं? मूठभर टाकायची ती."

हे मलाही पटलं. मग वंदनाच्या रोजच्या टोपाचा फोटो काढला. बुडाला काळा, कडेला एक पोचा. रेश्माला खूप आवडला. म्हणाली, "काका, एकदम ऑथेंटिक!"

मुखपृष्ठ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात मुरबाडहून वंदनाच्या मावशीचा फोन आला. आवाज चिडलेला. "अवो मास्तर, फोटो काढायच्या आदी टोप घासून तरी घ्यायचा! लोकं काय बोलतील आमच्या पोरीला?"

मी त्याच दिवशी टोप घासला. मुखपृष्ठ बदललं नाही, पण टोप घासला.

*

प्रकाशन समारंभ मला नको होता. प्रकाशला हवा होता. "आमी ट्रॅक्टर आणला तरी नारळ फोडतो, भाऊजी. पुस्तकाला नको?"

तेव्हा माझ्या घरी वीस-पंचवीस माणसं जमली. टेबलावर लॅपटॉप. प्रकाशने त्याला हळद-कुंकू वाहायला घेतलं तशी रेश्मा मध्ये पडली. "बाबा, कीबोर्डवर नको! बाहेरच्या बाजूला लावा." नारळ पायरीवर फोडला. बटण दाबायचा मान धसईच्या माजी सरपंचांचा, नानांचा. नानांनी टोपी सरळ केली, सगळ्यांकडे बघितलं, आणि मतदान यंत्राचं दाबतात तसं बटण जोरात दाबलं. टाळ्या!

पडद्यावर अक्षरं आली. तुमचं पुस्तक तपासणीसाठी पाठवलं आहे, कृपया प्रतीक्षा करा.

टाळ्या थांबल्या. नानांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मान डोलावली. "म्हंजे आपल्या पंचायतीसारखंच हाय. नारळ फुटला, आता काम कदी व्हईल ते इचारायचं नाय!"

पुस्तक खरोखर प्रकाशित झालं दुसऱ्या दिवशी. मी सातवीच्या वर्गात हजेरी घेत होतो.

त्या समारंभाला वंदनाची आई मात्र आली नाही. प्रकाश म्हणाला, "डोकं दुखतंय बोलली." आम्ही दोघांनीही ते खरं धरलं. वंदना गेल्यापासून आईंनी तिचं नाव घेतलेलं नाही. मी धसईला गेलो की चहा देतात, पावसाचं विचारतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात. तिच्याबद्दल एक शब्द नाही. मी काही बोलायला गेलो तर उठून आत जातात. पुस्तक कुणाच्या हाती पडावं असं मनात होतं म्हणून विचाराल, तर त्यांच्याच. आणि त्यांना ना वाचता येत होतं, ना ऐकायचं होतं.

*

आमच्या भजनी मंडळाच्या गणपतरावांनी पुस्तक विकत घेतलं. पहिलं गिऱ्हाईक! मला भरून आलं. संध्याकाळी बघतो तर त्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकलेले, प्रत्येक पानाखाली दोन हात जोडून.

रेश्मा भडकली. "काका, ही पायरसी आहे. बोला त्यांना!"

मी बोललो. जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं की असं करायचं नसतं.

गणपतराव दुखावले. "सर, पुस्तक चांगलं वाटलं म्हणून वाटलं सगळ्यांना. वाईट असतं तर एकट्यानंच वाचलं असतं!"

इतका चांगला अभिप्राय मला नंतरही मिळाला नाही.

*

मिळाला तो उलटाच. कल्याणच्या एका बाईंनी एक तारा दिला आणि खाली एकच ओळ लिहिली: "सगळं ठीक, पण मीठ कुठे आहे?"

मला वाटलं टीका आहे. लेखनात चव नाही असं म्हणतायत. पाटील सरांना दाखवलं. त्यांनीच पुस्तकाचं मुद्रितशोधन केलं होतं, एकेक अनुस्वार वेचून. ते म्हणाले, "शब्दशः तर नसेल?"

पुस्तक उघडून 'मीठ' शोधलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही. सगळ्या पुस्तकात हळद होती, मसाला होता, चिंचेचा कोळ होता, आणि मीठ एकदाही नव्हतं! मी, रेश्मा, पाटील सर, तिघांनी वाचलेलं. पाटील सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अनुस्वार सगळे सापडले हो!"

प्रकाशला फोन केला. तो हसायलाच लागला. "भाऊजी, ती कशी सांगंल? आमच्या घरात मीठ आईचं! चार बायका चुलीपाशी. दोघींनी घातलं तर सगळं गुरांना घालायची पाळी. म्हणून मिठाच्या बरणीला आईशिवाय कुणाचा हात नाय. आई मीठ टाकायची नि घरभर ऐकू जाईल असं ओरडायची, 'मीठ घातलं गो!' मंगच टोप उतरायचा. वंदी तितंच शिकली. तिच्या सांगण्यात मीठ येतंच नाय."

मला आमचा ओटा आठवला. सगळं झालं की ती पळी माझ्यापुढे धरून म्हणायची, "मीठ बघा हो." मी बघायचो. ते कधी टाइप केलं नव्हतं.

रेश्मा म्हणाली, "काका, ई-पुस्तकाचा हाच तर फायदा. आत्ता दुरुस्त करून परत चढवू. 'मीठ चवीनुसार.' पाच मिनिटांचं काम."

मी फाइल उघडली. बिरड्याच्या शेवटी कर्सर नेऊन ठेवला. ते तिचं वाक्य होतं. त्यात माझा शब्द घालवेना. न घालावा, तर लोकांची जेवणं अळणी. शेवटी फाइल मिटली. ज्यांचं मीठ, त्यांनाच विचारायला हवं होतं.

*

धसईला गेलो तो बाजाराचा दिवस. प्रकाश भाजी घेऊन बाजारात. आई पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. चहा झाला. पावसाचं झालं. गुडघ्याचं झालं.

"आई, पुस्तक वाचून दाखवू?"

त्यांचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, आता उठून आत जाणार. पण मांडीवर ताट होतं, वाल अर्धे राहिले होते.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. आणि आणखी एक वाल सोलून झाल्यावर, "वाचा. हात गुतलेत, कान मोकळे हायत."

मी शेवळाची भाजी वाचली. "शेवळं चिरताना हाताला तेल लावा, नायतर खाजवत बसाल नि मला शिव्या द्याल." आई वाल सोलत राहिल्या. मी सुकटाची चटणी वाचली. सालं बाजूला पडत होती. मग बिरडं काढलं.

"वाल सोलताना बोलायचं नाय, बोललं का वाल मोडतात, असं आई सांगते. खरं म्हंजे आईला आमाला गप बसवायचं असतं."

"खोटारडी," आई म्हणाल्या. वालाकडे बघतच. "गप बसली कदी?"

मी पाणी प्यायलो आणि पुढे वाचलं. फोडणी, हळद, मसाला, नारळाचं दूध. शेवटच्या ओळीवर आलो. "वाल बोटानं दाबून बघायचा. दबला का झाला. मग टोप उतरायचा."

"थांबा."

आईंनी ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसला. तीन बोटं जुळवली आणि समोरच्या रिकाम्या हवेत हळूच सोडली. मग आत, स्वयंपाकघराकडे तोंड करून, घरभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"मीठ घातलं गो, वंदे! उतर आता!"

आत कुणी नव्हतं. त्यांनी ताट परत मांडीवर घेतलं, एक वाल उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"वाचा फुडं, मास्तर. अजून किती टोप हायत?"