ठोंबऱ्यांचा स्विंग

ठोंबऱ्यांना मागून हाक मारली की ते मान वळवत नसत. कोपऱ्यातलं कपाट सरकवावं तसे पायांसकट अख्खे फिरत आणि मग विचारत, "काय रं?" कुंभिवलीच्या कारखान्यात ते शिफ्टचे सुपरवायझर, मी स्टोअरमध्ये. आमची दोस्ती जमली ती गोल्फमुळे. हो, गोल्फ! खालापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी मैदान झालं, तेव्हा आमच्या मालकांनी तिथलं सभासदत्व घेतलं आणि गर्दी नसेल त्या दिवशी आम्हालाही तिथे सोडायचं औदार्य दाखवलं. मी हवा खायला जायचो. ठोंबऱ्यांना मात्र पन्नाशी उलटल्यावर त्या पांढऱ्या चेंडूनं वेड लावलं.

तरुणपणी ते टेनिस बॉल क्रिकेटचे गाजलेले फलंदाज. पार भिवपुरीपर्यंत त्यांच्या लपेट्याचं, बॅट आडवी फिरवून मारलेल्या फटक्याचं, नाव होतं. तोच लपेटा त्यांनी इथे आणला. पाय जमिनीत रोवायचे, नजर लांबच्या झेंड्यावर, आणि कंबरेतून असा हिसडा द्यायचा की बघणाऱ्याच्या पाठीत कळ यावी. चेंडू हमखास उजवीकडच्या करवंदीच्या जाळीत. "वाऱ्यानं नेला," ते म्हणायचे. वारा कुठला, झाडाचं पान हलत नसायचं.

एक दिवस असाच हिसडा दिला आणि ते वाकले ते वाकलेच. मी आणि मैदानाच्या माळ्यानं त्यांना कसंबसं गाडीत घातलं. डॉक्टरांनी बजावलं, "खेळ बंद. पुन्हा असं झालं तर चालणं मुश्कील होईल." ठोंबरे घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एका खेळापायी इतका खचलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची मुलगी मनीषा तेव्हा नुकतीच फिजिओथेरपी शिकून आली होती. कर्जतला तिनं छोटासा दवाखाना थाटला होता, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं. 'मालिश करते' असं लोक म्हणायचे आणि त्यात पहिला आवाज तिच्या बापाचा.

"बाबा, एकदा माझं ऐका," ती माझ्यासमोरच म्हणाली. "माझा बापच असा वाकून चालला तर माझ्याकडे कोण येईल?"

"तू मला शिकवनार? कवा काठी धरलीस गं हातात?"

"काठी तुमची. हाडं मी शिकलेय."

तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, खांद्यांमागे झाडूचा दांडा आडवा धरायला लावला आणि गुडघे न हलवता वळायला सांगितलं. ठोंबरे जेमतेम हलले. "बघा, तुम्ही सगळं काम कंबरेकडून करून घेता. कंबरेचे मणके फार थोडे फिरतात हो. फिरतात ते वर बरगड्यांमागचे मणके आणि खाली खुबे. छाती फिरवा, कंबर नव्हे."

"एवढं फिरलो तर झेंड्याकडं पाठ व्हईल. दिसल कसं मला?"

"चेंडू पायाशी आहे ना? झेंडा कुठे पळून जातोय?"

मग रोज सकाळी अंगणात हा कार्यक्रम. शेजारीपाजारी हसायचे. ठोंबरे दांडा खांद्यावर घेऊन पुटपुटत राहायचे, "मागं जाताना छाती, पुढं येताना आदी खुबा, हात शेवटाला." आधी चिडून, मग नाइलाजानं, आणि शेवटी शेवटी तर खुशीत.

त्यांनी पुन्हा मैदानात चेंडू मांडला, तेव्हा मनीषा माझ्या शेजारी ओढणीचं टोक मुठीत आवळून उभी होती. पाठ पुन्हा धरली असती, तर त्यांचा खेळ संपला असता आणि तिचा दवाखानाही. ठोंबरे संथ वळले, झेंड्याकडे चक्क पाठ झाली, आणि उलगडत परत आले. चेंडू फार लांब गेला नाही, पण नाकासमोर गेला. ते ताठ उभे होते. "मारलाच नाय रं," ते मला म्हणाले, "नुसता फिरलो!"

मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला मात्र एवढंच म्हणाले, "चल, जेवायला उशीर व्हतोय."

मला रागच आला. पुढेही कितीदा त्यांना टोकलं, "पोरीला दोन बरे शब्द बोला की!" ते हसून म्हणायचे, "तोंडावर काय बोलायचं रं? आपलीच हाय ती." हळूहळू मनीषाचा दवाखाना चालायला लागला. ठोंबरे मजेत खेळत राहिले.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. भेटायला आलेली माणसं अंगणात बसली होती. डोंगराकडच्या वाडीतला एक म्हातारा मनीषाला म्हणाला, "बाय, माझा खांदा तू बरा केलास. तुज्या बानंच धाडलं व्हतं मला. बोलले, माज्या पोरीसारखी हाडं कोनाला कळत नाय. पन मी धाडलं ते सांगू नको तिला."

शेजारची बाई म्हणाली, "मला पन त्यांनीच धाडलं." मागून आणखी कुणीतरी म्हणालं, "आमच्या आयला बी."

तोवर कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना पाणी देत फिरणारी मनीषा मटकन खाली बसली. "काका, मला एकदा तरी बोलायचं होतं ना हो त्यांनी," म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. इतकी वर्षं मी ज्या माणसाला टोकत होतो, तो गावोगाव हेच सांगत होता. फक्त घरी सांगायचं राहिलं.