फुलावर घेतलेला गेम

कासा नाक्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गेल्या वर्षी विवळवेढ्याच्या देवीचं दर्शन घेऊन एक साठीचे गृहस्थ आत आले. बोटांवर चिकूचा चीक वाळून काळा झालेला, आणि बोलताना अंगठ्याने तो खरवडायची सवय. मोबाइल पुढे करत म्हणाले, “ताई, या गेमला पैसे भरायचेत.”

गेम अजून बनलाच नव्हता. लोकांनी आधी पैसे द्यायचे, मग परदेशातले चौघं जण तो बनवणार. आपण त्यात योद्धा नाहीतर वैद्य होऊन गावोगाव फिरायचं.

“कोण खेळणार, काका?”

“मीच. मी वैद्य होणार.”

मी गेमचं पान उघडलं. पैसे भरायला वाटा दोनच होत्या, परदेशात चालणारं कार्ड किंवा परदेशी वॉलेट. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. जरा विचार करून त्यांनी रोख पैसे माझ्यासमोर ठेवले. “तुमच्या कार्डावरून भरा.”

“आणि गेम आलाच नाही तर?”

“आमची चिकूची वाडी व्यापारी फुलावरच घेतो, फळ धरायच्या आधीच पैसे मोजतो. फळ धरलं नाही तर बुडतो तो. जन्मभर मी विकत आलो, एकदा फुलावर घेऊन बघतो.”

सवयीने मी ईमेलही माझाच टाकला. दुकानात सगळ्यांच्या फॉर्मवर तोच टाकते. नाव, नंबर विचारायचं राहूनच गेलं, आणि काका पुन्हा आले नाहीत.

आता दर महिन्याला मेल येतो. नदी तयार झाली, वैद्याची झोळी तयार झाली. गेम येणार असं दिसतंय. द्यायचा कोणाला, ते कळत नाही. दुकानात कोणी पैसे पुढे केले, की मी आधी त्याची बोटं बघते.