रोवण्यात मालकावर लावायची ओळ

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही दोन वर्षं तिसरीत काढून. लिहिण्याचा माझा काही संबंध नाही. बायको गेली आणि त्यानंतर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला, तेव्हापासून घरात जीव थांबत नाही. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून लिहून राहिलो.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे. पंचाहत्तर सालच्या मागेपुढे धानाचा रोवणा पाळीपाळीने व्हायचा. आज साऱ्या बाया माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या शेजाऱ्याच्या. गडीमाणसं पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या चिखलात फेकत जायची, बाया वाकून रोवत मागे सरकायच्या. रोवता रोवता गाणं. एकीने ओळ लावायची, बाकीच्यांनी उचलायची. ओळ लावणारी माझी बायको. गळा गोड नव्हता तिचा, उगाच कशाला खोटं लिहू. खरबरीत होता, पण तळ्याच्या पाळीवरून पलीकडे जायचा. त्या आवाजावर पंधरा बायांचे हात एकदम चिखलात जायचे.

रिवाज असा की ज्याची बांधी, त्या मालकावर एक टोमण्याची ओळ लागायचीच. कोणाच्या टकलावर, कोणाच्या चिक्कूपणावर. मालकाने हसायचं. जो चिडला तो हलका माणूस समजला जायचा.

एका वर्षी जवाहरनगरहून बहीण आणि तिचा नवरा आले होते. तो कारखान्यातला माणूस, पायात बूट, दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावर जपून जपून चालत होता. मी रात्रभर पाणी वळवून थकलो होतो. धुऱ्यावर टेकलो आणि डोळा लागला. जाग आली ती हसण्याने. बायको गात होती:

बांधीत बेडूक, धुऱ्यावर धनी,
सांग वो बाई, घोरते कोनी?

पंधरा बायांनी ते उचललं. पाहुणा पोट धरून हसत होता. जेवताना त्याने तीच ओळ माझ्या बहिणीपुढे म्हणून दाखवली. रिवाज मला माहीत होता, दुसऱ्यांच्या बांधीत मीही हसलो होतो. पण त्या दिवशी अंगात आग लागली. पाहुणे गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "माह्या बांधीत यापुढे तोंड उघडाचं नाही."

ती "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी आमचा रोवणा मुका झाला. बाकीच्या बायांना मी गा म्हटलं. एक म्हातारी बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, जिची बांधी तिचाच आवाज बंद, तर आम्ही कायले गावं? नुसता चिखलाचा चुबूक चुबूक आवाज. गाण्याने पीक जास्त येते असं म्हणणारे लोक आहेत. काही येत नाही. धान त्या वर्षी तेवढाच झाला. पण मला धुऱ्यावर उभं राहवेना. या टोकाहून त्या टोकाला चालत होतो. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बांधीतून तिचा आवाज आला, तेव्हा हातातली भाकर तशीच राहिली.

त्याच्या पुढच्या वर्षी मी ट्रान्झिस्टर आणला आणि धुऱ्यावरच्या पळसाला टांगला. आधी बातम्या लागल्या, मग कोणीतरी खताबद्दल सांगू लागला, मग सनई. बायांचे हात पुढे-मागे होऊ लागले, रांगा वाकड्या झाल्या. तीच म्हातारी म्हणाली, "का जी भाऊ, याले एक पेंढी देऊन पाहा, रोवते का." सगळ्या हसल्या. बायको हसली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी डबडं उतरवलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या पाळीच्या आदल्या दिवशी मी शेजाऱ्याच्या बांधीत जाऊन पेंढ्या फेकू लागलो. कोणी बोलावलं नव्हतं. बाया म्हणाल्या, भाऊ वाट चुकले वाटते.  दिवसभर तिच्या मागे पेंढ्या फेकत राहिलो, तिच्या ओळी ऐकत. घरी येताना विचारलं, "उद्या आपल्या बांधीत?"

"गाईन," ती म्हणाली.

आणि गायली. माहेरची गाणी, सासूसुनेची, बपेऱ्याच्या बाजारातल्या बांगड्यांची. माझ्या पायांना दोन वर्षांनी जरा चैन पडली. मग दिवस कलू लागला. टोमण्याची वेळ आली. तिने ओळ लावली ती शेजाऱ्याच्या बैलावर. माझ्यावर लागलीच नाही. म्हटलं, राहिली असेल. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. साऱ्या गावाला ओळी होत्या, माझ्याच नावाला नव्हती. दर रोवण्याला माझा जीव संध्याकाळपर्यंत टांगलेला.

अशी आठ-दहा वर्षं गेली. पोरगं हायस्कूलात गेलं होतं तेव्हाची गोष्ट. ती बांधीच्या पाण्यात पाय धुत होती. मला राहवलं नाही.

"सगळ्यायले ओळ लावतेस. मलेच काहून नाही?"

"तुम्ही चिडता जी."

"आता नाही चिडत."

तिने साडीचा ओचा पिळला आणि हसली. "जो चिडत नाही, त्याले ओळ लावून का मजा?"

मग मी दोन-तीन वर्षं खोटं चिडून पाहिलं. बांधीत उगाच ओरडलो, पेंढ्या जोरात आपटल्या. बायांना कळायचं. तिला तर कळायचंच. ती मान खाली घालून रोवत राहायची आणि तिचे खांदे हसण्याने हलायचे.

ती गेल्यापासून मात्र मी खरा चिडलो आहे. दवाखान्यावर, देवावर, तिच्यावर तर जास्तच. सून बोलली तरी खेकसतो. खाटेवर बसलो की उठतो, बांधीकडे जातो, अर्ध्यातून परततो. इतका चिडलेला माणूस तिला उभ्या जन्मात भेटला नसेल. आता तिने माझ्यावर ओळ लावायला काही हरकत नव्हती.