मोमेनाचा दाखला

कोहिनूर तेराव्या वर्षी ढाक्याजवळच्या आशुलियाच्या शिलाई कारखान्यात लागली ती थोरल्या बहिणीच्या जन्मदाखल्यावर. अमेरिकेतल्या खरेदीदारांना लहान पोरी मशीनवर चालत नाहीत, म्हणून फाटकावर अठरा वर्षांचा पुरावा मागत. मोमेना तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. सहाव्या वर्षी घरामागच्या तळ्यात बुडाली. मेल्याची नोंद करायला कोण जातंय? कागदावर ती वाढत राहिली. कोहिनूरचा दाखला मात्र कुणी काढलाच नव्हता.

तीन वर्षं ती पँटच्या बाजूच्या शिलाया मारत होती. "मोमेना, हात चालव!" म्हणून सुपरवायझर ओरडला की ओ द्यायची. आधी अंगावर काटा यायचा, मग सवय झाली, आणि त्या सवयीचीच तिला जास्त भीती वाटायची. जेवणाच्या सुट्टीत वाटायचं, शेजारी ओल्या केसांची कुणीतरी येऊन बसलीय, आपलं नाव परत मागायला.

पण त्या नावानं तिला राखलंही होतं. दोन स्थळं आली, तेव्हा अब्बांनी हात झटकले. "पोरगी कमावतीय. लग्नाची घाई कसली?" दुभत्या गाईला कोण दावणीतून सोडतं!

मग अमेरिकेनं बाहेरच्या कपड्यांवर कर वाढवला. ऑर्डरी आटल्या, तिची अख्खी लाइन बंद झाली. ती घरी आली आणि महिन्याभरात तिसरं स्थळ आलं. खताचं दुकान असलेला, तिशीचा माणूस. त्याच्या आत्यानं दाखला डोळ्यांजवळ धरून वाचला.

"एकवीस? उशीरच झाला म्हणायचा. वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे हं!"

रात्रपाळीत शेजारच्या मशीनवरची जाहानारा म्हणायची, लेकरू म्हणजे पायातली बेडी. सोळाव्या वर्षी कोहिनूरला ती बेडी नको होती. कारखाने पुन्हा सुरू होतील, आपण परत जाऊ, एवढंच तिला हवं होतं.

"अम्मा, मी सोळाची आहे. अठरा नसताना काजी लग्न लावत नाहीत. तू सांग ना त्यांना."

अम्मा तांदूळ निवडत राहिली. "काय दाखवून सांगू, पोरी? तुझा कागद कुठाय?"

"मग मीच सांगते."

"सांग. मग खोटा दाखला दिल्याबद्दल अब्बांना पोलीस नेतील."

निकाहाच्या दिवशी काजी तालुक्याहून आले. त्यांना काय ठाऊक! पडद्याआडून त्यांनी विचारलं, "मोमेना खातून, कबूल आहे?"

कोहिनूरनं ठरवलं होतं. म्हणायचं, मोमेना मेलीय, मी कोहिनूर, मला कबूल नाही. मागून रहिमा चाचीनं कोपर मारलं. "लाजतेस काय, बोल की!"

तिनं ओठ उघडले नव्हते. तरी खोलीत "कबूल" असं बारीक, स्पष्ट ऐकू आलं. बायका एका सुरात "अल्हमदुलिल्लाह" म्हणाल्या. काजींनी लिहून घेतलं आणि सहीसाठी वही आत सरकवली.

"मी बोलले नाही," कोहिनूर पुटपुटली. "अम्मा, मी नाही बोलले."

अम्मा तिच्याकडे बघतच नव्हती. उंबऱ्याकडे बघत ती हलकेच म्हणाली, "दारात का उभी, मोमेना? ये, आत ये."