चिकटबाई

रिकामी बरणी फेकायची म्हटलं की तिच्या जिवावर येई. जॅमची असो वा कॉफीची, लेबल काढून, घासूनपुसून ती फडताळात जायचीच. नवऱ्याच्या आत्यांनी लग्नानंतर सुनेला नावं ठेवली तेवढी ठेवली, आणि त्यांतलं एक कायमचं ठेवून दिलं: चिकटबाई. तिनं ते हसून घेतलं. मी चिकट असेन, पण माझ्या बरणीवरून बोट फिरवा, ते चिकटलं तर सांगा, असं ती छातीठोकपणे म्हणायची. कुणाचं बोट कधी चिकटलं नाही.

मग सासऱ्यांना मेंदूचा झटका आला आणि त्यांचे शब्द गेले. हातपाय धड, समजत सगळं, पण समोरच्या खुर्चीला खुर्ची म्हणता येईना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नवऱ्यानं घरभर चिठ्ठ्या डकवल्या. खुर्ची, आरसा, कपाट, रेडिओ. सासरे वाचत, अडत, चिडत. ती शेजारी बसून पुन्हा म्हणायला लावी. एकदा वैतागून त्यांनी पेला भिरकावला. तिनं तो उचलला, त्यावरची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"फेकलात ना बाबा? आता नाव सांगा त्याचं."

बऱ्याच वेळानं नाव आलं. तोवर ती जागची हलली नव्हती.

हळूहळू बोलणं परतलं. अडखळत का होईना, परतलं. आनंदाच्या भरात नवऱ्यानं सगळ्या चिठ्ठ्या टराटरा ओढून काढल्या, आणि जिथे तिथे गोंदाचा चौकोन राहिला. त्यावर धूळ बसून तो काळा पडला. त्यातच आत्यांचा फोन आला, भावाला भेटायला येतेय म्हणून. सासऱ्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"तिला नको म्हणावं," ते आतून म्हणाले. "डाग बघेल. म्हणेल, भावाला खुर्ची... खुर्चीसुद्धा वाचून कळत होती."

"डाग राहिले तर म्हणतील ना," ती म्हणाली आणि पदर खोचला.

नवरा तारेची घासणी घेऊन आरशाकडे निघाला होता. रेडिओच्या प्लॅस्टिकवर थिनर चोळून त्यानं आधीच ते पार धुरकट करून ठेवलं होतं. तिनं घासणी काढून घेतली.

"गोंदाशी भांडायचं नसतं. भांडलं की आणखी पसरतो. आधी ऊब द्यायची, मग तेल लावायचं आणि गप्प बसायचं. आपणहून सोडतो."

"माझ्याशी कधी अशी वागली नाहीस."

"तुला कुठे सोडवायचं होतं मला."

कपाटावर तिनं हेअर ड्रायर धरला, फडक्यानं तेल लावलं, थांबली, मग बोटानं गोल गोल चोळू लागली. गोंदाच्या वळ्या सुटून खाली पडल्या. मागून साबणाचं कोमट पाणी, मग कोरडं फडकं. सासरे दार किलकिलं करून बघत होते. थोड्या वेळानं बाहेर आले आणि त्यांनी तेलाचं फडकं उचललं.

"खुर्ची मी करतो," ते म्हणाले. हा शब्द अडला नाही.

आत्या आल्या त्या सवयीप्रमाणे चौफेर नजर फिरवत. रेडिओ सोडला तर बोट ठेवायला जागा नव्हती. सासरे आपल्या खुर्चीत ताठ बसले होते.

"काय गं चिकटबाई," आत्या म्हणाल्या, "बरण्या साठवणं चालू आहे ना अजून?"

"चिकट..." सासरे म्हणाले आणि थांबले. "चिकट आहे खरी."

तिला वाटलं, त्यांना चिकाटीची म्हणायचं असणार आणि ऐन वेळी, नेमका बहिणीपुढे शब्द घसरला. सवयीनं ती पुढे झुकली, शब्द हळूच पुरवायला.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"चुकलो नाही मी," ते आत्यांकडे बघत सावकाश म्हणाले. "माझं सगळं सुटलं होतं, ताई. ही तेवढी सुटली नाही."